ठरल्या वेळचा गडी

आपल्या धर्मशास्त्रानें कर्माचे तीन भाग पाडले आहेत : नित्य, नैमित्तिक आणि काम्य. ठरल्या वेळीं जें केलेंच पाहिजे तें नित्य. कांहीं निमित्त घडलें असतां जें करावयाचें तें नैमित्तिक. आणि मनांत इच्छा उत्पन्न झाली म्हणून जें आरंभावयाचें तें काम्य. संध्यावंदन नित्य, ग्रहणाचें स्नान नैमित्तिक, आणि फलाची आशा धरून केलेलें व्रत काम्य. एके काळीं यंत्रांच्या कामाचीही अशीच वर्गवारी करावी लागेल हें हे भाग पाडणाऱ्यांच्या ध्यानींमनीं नसेल. पण तशी ती करावी लागली आहे खरी. संगणकास आपण बटण दाबून काम सांगतों तें काम्य. कोणीं पैसे भरतांच पावती आपोआप निघते तें नैमित्तिक. आणि रोज पहाटे, दर पंधरा मिनिटांनीं, किंवा दर महिन्याच्या एक तारखेस, कोणीं न सांगतां जें होत असतें, तें यंत्राचें नित्यकर्म होय. या लेखांत आम्ही त्याविषयींच बोलणार आहों.

हा विषय घरांतल्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत ज्या घरीं तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात, तेथें हल्लीं एखादा मुलगा, सून किंवा नात संगणकाच्या धंद्यांत असतेच. जेवतांना 'क्रॉन', 'लॅम्डा', 'सर्व्हरलेस' असे शब्द कानांवर पडतात, आणि हें आपलें काम नव्हे असें समजून वडील माणसें ताकाची वाटी पुढें करतात. आमचें म्हणणें असें कीं, या शब्दांच्या मागचा विषय वडील माणसांच्या चांगल्या ओळखीचा आहे. शब्द नवे असले तरी प्रश्न जुनेच आहेत : काम कोण करील, कोणत्या घटकेस करील, चुकून दोनदां केलें तर काय, आणि मुळींच केलें नाहीं तर आपणांस कळावें कसें. यांपैकीं चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि दुर्दैवानें तोच सर्वांत कमी विचारला जातो.

गडी कोणाचा?

'सर्व्हरलेस' या नांवानें पुष्कळांचा घोटाळा होतो. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहून इतरांची कामें करणारा संगणक. तो येथें नाहींच, असें नांवावरून वाटतें. वास्तविक तो असतो; फक्त तो आपला नसतो, आणि त्याची देखभाल आपल्याकडे नसते. पूर्वीं वाड्यांत राहता गडी असे. त्यास दोन वेळचें जेवण, अंथरूण-पांघरूण, दिवाळीचें धोतर आणि बारा महिन्यांचा पगार द्यावा लागे. मग दिवसांत त्यास काम दोन तासांचें असो कीं दहा तासांचें. आज बोरिवलीच्या ब्लॉकांत राहता गडी कोण ठेवतो? सकाळीं ठरल्या वेळीं बाई येते, भांडीं घासते, आणि शेजारच्या इमारतींत जाते. तिच्या कामापुरताच आपला आणि तिचा संबंध. सर्व्हरलेस व्यवस्था ती हीच. आपण फक्त काम लिहून ठेवावयाचें. त्या लिहिलेल्या कामास त्या धंद्यांत 'फंक्शन' म्हणतात. आम्ही येथें त्यास 'कार्य' म्हणूं. वेळ आली कीं कंपनीच्या असंख्य संगणकांपैकीं एखादा तें कार्य उचलतो, पुरें करतो आणि दुसऱ्याच्या कामास लागतो.

अॅमेझॉन कंपनीनें 'लॅम्डा' या नांवानें ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्यें जाहीर केली. ठरल्या वेळीं कार्य चालविण्याची जोड तीस ऑक्टोबर २०१५ मध्यें मिळाली, आणि २७ जून २०१६ रोजीं कंपनीनें या कामासाठीं मुंबईंत आपलें केंद्र उघडलें. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याही अशाच व्यवस्था आहेत. या सर्वांस लोक 'क्लाउड' म्हणजे ढग म्हणतात. परंतु हा ढग आकाशांत नसून जमिनीवरच्या थंड केलेल्या इमारतींत असतो. अंधेरीच्या पूर्वेस चांदिवलींत एन्. टी. टी. या जपानी कंपनीचीं विदागारें आहेत. बाहेरून जाणाऱ्यास तीं एखाद्या कारखान्यासारखींच दिसतील.

या गड्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. लॅम्डावरील कार्य एका खेपेस पंधरा मिनिटांहून अधिक चालूं शकत नाहीं. २०१८ पर्यंत ही मर्यादा पांचच मिनिटांची होती. डिसेंबर २०२० पासून त्याचा आकार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या मापानें होतो. समजा, एक कार्य दर पंधरा मिनिटांनीं चालतें आणि प्रत्येक खेपेस दोन सेकंद घेतें. दिवसाच्या खेपा ९६. एकतीस दिवसांच्या महिन्याच्या २,९७६. आणि प्रत्यक्ष काम ५,९५२ सेकंदांचें, म्हणजे सुमारें एक तास एकोणचाळीस मिनिटांचें. राहता गडी ठेवला असता तर त्याच महिन्याचे ७४४ तास त्यास पोसावें लागलें असतें. शिवाय महिन्याच्या पहिल्या दहा लक्ष खेपांस लॅम्डा खेपेचा आकार घेत नाहीं. एखाद्या कुटुंबाच्या किंवा गृहनिर्माण सोसायटीच्या लहान कामांचा खर्च त्यामुळें जवळजवळ शून्यावर येतो. ही सोय इतकी पसरली याचें कारण हेंच.

हाक कोण मारतो?

कामास येणाऱ्या बाईपाशीं स्वतःचें घड्याळ असतें. कार्यापाशीं तें नसतें; तें निजलेलेंच असतें, आणि कोणीं तरी त्यास हाक मारावी लागते. हाक मारणारा जुना सेवक म्हणजे 'क्रॉन'. हें नांव काळवाचक ग्रीक शब्दावरून आलें आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार झालेल्या 'युनिक्स' व्यवस्थेच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींत तो होता, आणि त्याची लिहिण्याची रीत आजतागायत चालू आहे.

क्रॉनचा स्वभाव घटिकापात्राजवळ बसणाऱ्या माणसासारखा आहे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी. ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटें झालीं. अशा साठ घटका म्हणजे एक अहोरात्र. लग्नघरीं मुहूर्ताच्या दिवशीं हें पात्र मांडलेलें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस आठवेल कीं वाटीपेक्षां वाटीजवळचा माणूस महत्त्वाचा असे. क्रॉन तसाच दर मिनिटास जागा होतो, आपल्या तक्त्यावर नजर टाकतो, आणि ज्या कामाची वेळ आली असेल त्यास उठवून पुन्हां डोळे मिटतो.

त्याच्या तक्त्याची प्रत्येक ओळ पांच खणांची असते : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. तारकाचिन्हाचा अर्थ 'कोणतेंही'. तेव्हां '३० ८ * * *' म्हणजे रोज सकाळीं साडेआठ वाजतां, आणि '० ७ * * ०' म्हणजे दर रविवारीं सात वाजतां. यंत्रास अर्थात् हे अंक इंग्रजींत द्यावे लागतात. अॅमेझॉननें या पांच खणांस वर्षाचा सहावा खण जोडला, आणि वारांची गणतीही बदलली. युनिक्सचा रविवार शून्य, अॅमेझॉनचा रविवार एक. अॅमेझॉनच्या तक्त्यांतील '१' जशाचा तसा युनिक्सच्या तक्त्यांत उतरविला, तर रविवारचें काम सोमवारीं होईल. म्हणून वाराचा अंक लिहूं नये, वाराचें इंग्रजी संक्षिप्त नांव लिहावें. दोन्ही व्यवस्थांस तें समजतें.

आणखी एक खांच अशी कीं, 'ठरलेली वेळ' आणि 'ठरलेलें अंतर' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'दर पंचेचाळीस मिनिटांनीं' असें क्रॉनच्या भाषेंत लिहूं गेलें, तर तो प्रत्येक तासाच्या आरंभीं एकदां आणि पंचेचाळिसाव्या मिनिटास एकदां हाक मारतो. मग पुढचा तास लागतांच पुन्हां नव्यानें गणती. म्हणजे अंतर एकदां पंचेचाळीस मिनिटांचें आणि एकदां पंधराचें. समान अंतरच हवें असेल तर क्लाउडमध्यें त्यासाठीं वेगळी रीत आहे, ती वापरावी.

आणि तिथि तर क्रॉनला ठाऊकच नाहीं. संकष्टीच्या दिवशीं घरांतील सर्वांस चंद्रोदयाची वेळ कळवावी, एवढी साधी गोष्ट त्याच्या पांच खणांत बसत नाहीं. चंद्रोदयाच्या वेळीं चतुर्थी असेल तो दिवस संकष्टीचा. तो तारखेनें बांधलेला नाहीं, वारानेंही नाहीं. येथें उपाय असा कीं, हाक रोज मारावी, आणि उठलेल्या कार्यानें पंचांगाचें कोष्टक पाहून आज आपलें काम आहे कीं नाहीं तें ठरवावें. नसेल तर मुकाट्यानें परत निजावें. हाक मारणारा अडाणी असला तरी चालतो; करणारा जाणता असावा.

घटका कोणाची?

मुंबईकरास हा प्रश्न नवा नाहीं. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी सुरू झाली तेव्हां मुंबईचें घड्याळ मुंबईच्या सूर्याप्रमाणें चालत होतें. पुढें देशांतील रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालूं लागली, आणि स्टेशनांतलें घड्याळ शहराच्या घड्याळापेक्षां सुमारें अर्धा तास पुढें गेलें. १ जानेवारी १९०६ पासून पूर्व रेखांश साडेब्याऐंशी अंशांची एकच प्रमाणवेळ सगळ्या हिंदुस्थानासाठीं ठरली. मुंबईचे रेखांश सुमारें ७२ अंश ५० कला. एका अंशास चार मिनिटें या हिशेबानें नवी वेळ मुंबईच्या वेळेपुढें ३९ मिनिटें पडली. पुष्कळ मुंबईकरांस ती परकी वाटली, आणि जुनी 'मुंबई वेळ' शहरांत १९५५ पर्यंत टिकून राहिली. तोंवर 'सभा सहा वाजतां' एवढें लिहून भागत नसे. कोणते सहा, हेंही लिहावें लागे.

क्लाउडमध्यें आज तोच प्रश्न नव्या रूपानें उभा आहे. तेथील घड्याळ बहुधा 'यू. टी. सी.' या जागतिक वेळेवर चालतें. ती स्थूलमानानें ग्रीनविचची वेळ. आपण तिच्या साडेपांच तास पुढें. अॅमेझॉनच्या जुन्या पद्धतीच्या वेळनियमांत दुसरी वेळ लिहितांच येत नाहीं. नोव्हेंबर २०२२ मध्यें आलेल्या 'इव्हेंटब्रिज शेड्युलर' या सोयींत आपल्या देशाची वेळ सांगतां येऊं लागली. पण तेथेंही मुंबईकरास 'आशिया/कोलकाता' असेंच लिहावें लागतें. मुंबई वेळेचे जुने अभिमानी हयात असते, तर त्यांनीं यावर वर्तमानपत्रांकडे खचित पत्रें धाडलीं असतीं.

साडेपांच तासांचा हा फरक लहान मुलासही करतां येईल अशा वजाबाकीचा आहे, असें वाटतें. पण खरा घोटाळा तासांचा नसून दिवसांचा आहे. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयास बदलतो. आपल्या कचेरीची तारीख मुंबईच्या मध्यरात्रीं बदलते. आणि यंत्राची तारीख ग्रीनविचच्या मध्यरात्रीं, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपांच वाजतां बदलते. एकाच घरांत तीन दिवस तीन निरनिराळ्या क्षणीं उजाडतात!

उदाहरण घेऊं. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीचें मासिक आकारणीपत्र दर एक तारखेस मध्यरात्रीनंतर पांच मिनिटांनीं निघावें अशी योजना आहे. त्या क्षणीं जागतिक घड्याळांत आदल्या दिवसाच्या सायंकाळचे ६-३५ झालेले असतात; तेथें अजून गेल्या महिन्याची शेवटली तारीख चालू आहे, आणि ती कधीं २८, कधीं ३०, कधीं ३१. आतां योजकानें हाक मारण्याची वेळ बरोबर लावली, पण उठलेल्या कार्यानें 'हा महिना कोणता?' असें जागतिक घड्याळास विचारलें, तर एप्रिलच्या पत्रावर मार्च छापला जाईल. म्हणजे नव्या आर्थिक वर्षाची पहिली आकारणी जुन्या वर्षाच्या वहींत जाऊन बसेल. पैशाचें नुकसान होणार नाहीं कदाचित्. पण हिशेबतपासनीस येईपर्यंत तें कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं.

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. तेथें मार्चच्या दुसऱ्या रविवारीं घड्याळें एक तास पुढें करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं मागें घेतात. न्यू जर्सीतल्या मुलानें उन्हाळ्यांत तेथील रात्रीचे साडेदहा अशी वेळ लावून दिली, तर घाटकोपरच्या आईस औषधाची आठवण सकाळीं आठ वाजतां येईल. नोव्हेंबर लागला कीं तीच आठवण नऊ वाजतां येऊं लागेल; मुलानें कांहीं बदललेलें नसतें, आईनेंही नाहीं. म्हणून नियम असा कीं, काम ज्याच्या अंगणांत होणार, वेळ त्याच्या घड्याळाची लिहावी.

मीठ दोनदां

एकत्र कुटुंबांतील स्वयंपाकघर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस तिसरा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाहीं. थोरली सून आमटींत मीठ घालते आणि देवघरांत जाते. धाकटी येते, आमटी उकळतांना पाहते, आणि मीठ घालावयाचें राहिलें असेल म्हणून घालते. दोघींनींही आपलें कर्तव्यच केलें; आमटी मात्र खारट.

क्लाउडमधील हाक मारणारा 'निदान एकदां तरी' हाक मारीन असें वचन देतो; 'एकदांच' मारीन असें तो म्हणत नाहीं. शिवाय कार्य मध्येंच कोसळलें तर लॅम्डा तें आपण होऊन आणखी दोनदां करून पाहते. समजा, सोसायटींत ८४ गाळे आहेत. आकारणीपत्रें पाठवितां पाठवितां पन्नासाव्या गाळ्यापाशीं कार्य बंद पडलें. पुन्हां उठलेलें कार्य पहिल्या गाळ्यापासून आरंभ करतें, आणि पन्नास घरांत तेंच पत्र दुसऱ्यांदा जातें. पत्र दोनदां गेलें तर लोक हंसतील. बँकेच्या खात्यांतून रक्कम दोनदां वळती झाली तर हंसणार नाहींत.

उपाय स्वयंपाकघरांतलाच आहे. मीठ घालणारीनें झांकणावर डाव आडवा ठेवावा. आडवा डाव दिसला कीं दुसरीनें हात आवरावा. कार्यानेंही प्रत्येक गाळा आणि प्रत्येक महिना यांच्या जोडीपुढें वहींत 'पाठविलें' अशी खूण करावी, आणि पाठविण्यापूर्वीं ती खूण पाहावी. मग हाक दोनदां आली तरी काम एकदांच होतें. पिठाचें पीठ दळलें तर जातें झिजेल, पण पीठ बिघडणार नाहीं. ठरल्या वेळचें प्रत्येक काम असेंच पिष्टपेषणास निर्भय असावें.

शून्य आणि मौन

आतां चौथा प्रश्न. तो समजण्यास उपनगरांतील लोकांस २६ जुलै २००५ या दिवसाची आठवण पुरेशी आहे.

हवामान खातें चोवीस तासांच्या पावसाचें माप रोज सकाळीं साडेआठ वाजतां घेतें. साडेआठ हा आकडा विचित्र वाटतो. पण जागतिक घड्याळांत तो नेमका तीनचा ठोका आहे. २७ जुलै २००५ रोजीं साडेआठ वाजतां संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळांत कुलाब्यास पाऊणशें मिलिमीटरही भरला नाहीं. सांताक्रूझच्या पावसाचा बराच मोठा भाग २६ तारखेच्या दुपारीं अडीच वाजल्यानंतरच्या कांहीं तासांत पडला. मिठी नदी फुगली, गाड्या बंद पडल्या, शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. दिवसाचें एकूण माप इतिहासाच्या कामीं येतें. कमरेएवढ्या पाण्यांत उभ्या असलेल्या माणसाच्या कामीं येत नाहीं. आणि कुलाब्याच्या मापावरून अंधेरीचें अनुमानही करतां येत नाहीं. म्हणून पुढें आय. आय. टी. मुंबईच्या साहाय्यानें महानगरपालिकेनें शहरांत व उपनगरांत तीसाहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापकें बसविलीं, आणि दर पंधरा मिनिटांनीं तीं आपलें माप कळवूं लागलीं.

असल्या मापकांत एक लहानसें दोन पारड्यांचें भांडें असतें. एका पारड्यांत ठराविक थेंब सांचले कीं तें कलंडतें, आणि प्रत्येक कलंडणें मोजलें जातें. पाऊस नसेल तर भांडें हलत नाहीं. मापक 'शून्य' कळवितें. आतां विचार करा : मापकाची तार तुटली, विजेचा पुरवठा गेला, किंवा त्यास हाक मारणाराच थांबला, तर काय कळेल? कांहींच नाहीं. शून्य ही एक बातमी आहे. मौन ही बातमी नव्हे. पण कोष्टक तयार करणाऱ्यानें निष्काळजीपणें रिकाम्या जागीं शून्य भरलें, कीं दोन्ही सारखींच दिसूं लागतात. बाहेर धो धो पाऊस कोसळत असतां पडद्यावर कोरडें आकाश दिसेल, आणि पाहणारा निश्चिंत राहील. या दोहोंतील भेद माणसाच्या जिवाशीं खेळणारा आहे.

यंत्राच्या प्रत्येक नित्यकर्मास हाच धोका आहे. काम्य कर्म फसलें तर समोर बसलेला माणूस लगेच ओरडतो. नैमित्तिक फसलें तर ज्यास पावती मिळाली नाहीं तो ओरडतो. नित्यकर्माची वाट मात्र बहुधा कोणी पाहत नसतो. शाळेचा शिपाई घंटा द्यावयास विसरला तर तीनशें मुलें दुसऱ्याच क्षणीं त्याला आठवण करून देतात. मध्यरात्रीं हिशेबाच्या वहीची नक्कल करून ठेवणाऱ्या कार्यापुढें एकही विद्यार्थी बसलेला नसतो. पैसे भरण्याच्या कार्डाची मुदत संपली, कोणीं साफसफाई करतांना तक्त्यांतली ओळ पुसली, कोणीं परवलीचा शब्द बदलला, आणि काम थांबलें. चूक झाली कीं सूचना देणारी घंटा लावलेली असते खरी. पण ती चुका मोजते. जें काम झालेंच नाहीं, त्यांत चूक कोठून होणार? चुका शून्य, सबब सर्व ठीक! वहीची नक्कल गेल्या सहा महिन्यांत निघालीच नव्हती, हें मूळ वही नष्ट झाल्यावर कळतें.

अॅमेझॉनच्या पहारा ठेवणाऱ्या सोयींत यासाठीं एक प्रश्न विचारलेला असतो : माहिती आलीच नाहीं तर तें चांगलें समजावें, वाईट समजावें, कीं आहे तसें चालूं द्यावें? पुष्कळ लोक हा प्रश्न न वाचतां पुढें जातात. आमच्या मतें सबंध योजनेंत यापेक्षां महत्त्वाचा खण दुसरा नाहीं.

राखण

जुन्या गांवांत रात्रीं रामोशी हाळी देत फिरे. हाळी ऐकूं आली कीं गांव कुशीस वळून निजे. ती आली नाहीं कीं म्हातारीं माणसें उठून बसत. हाळींत बातमी कोणतीच नसे. 'मी आहे' एवढाच तिचा अर्थ. यंत्राच्या बाबतींत हीच रीत उपयोगी पडते. कार्यानें काम संपवून शेवटीं 'झालें' एवढा निरोप एका निराळ्या पहारेकऱ्यास द्यावा. पहारेकऱ्याचें काम एकच : ठरल्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास हांक मारून घर उठवावें. हा पहारेकरी त्याच छपराखालीं असूं नये. ज्या खात्याचे पैसे थकल्यानें कार्य थांबतें, त्याच खात्यावर पहारेकरीही जगत असेल तर दोघे एकदमच निजतील. घटिकापात्राची वाटी बुडतांना आवाज करीत नाहीं. म्हणून तर जवळ माणूस बसवीत असत.

घरगुती गोष्टींतही हें लागू पडतें. ऐंशीच्या घरांतल्या आजींस रोज सकाळीं रक्तदाबाच्या गोळीची आठवण जावी, अशी सोय नातवानें करून दिली. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु संदेश गेला म्हणजे गोळी पोटांत गेली असें नव्हे. आजींनीं 'घेतली' म्हणून उत्तर द्यावें. नऊ वाजेपर्यंत तें आलें नाहीं तर त्याच इमारतींत राहणाऱ्या लेकीला कळावें. आणि तिनें जिना उतरून यावें. पहिल्या दोन पायऱ्या यंत्राच्या आहेत. तिसरी माणसाची आहे, आणि ती नसेल तर पहिल्या दोन असून नसल्यासारख्याच. आठवण करून देण्याचें काम यंत्रावर सोंपवितां येतें. काळजी करण्याचें काम कोणाच्या तरी नांवावर लिहूनच ठेवावें लागतें.

म्हणून आमची सूचना अशी. घरांत किंवा सोसायटींत ठरल्या वेळचें असें जें जें काम यंत्राकडे दिलें असेल, त्याची एका साध्या वहींत चार ओळींची नोंद ठेवावी. पहिल्या ओळींत काम कोणतें. दुसऱ्या ओळींत वेळ, आणि ती कोणाच्या घड्याळाची. तिसऱ्या ओळींत, दोनदां झालें तर काय होईल. चौथ्या ओळींत, झालें नाहीं तर कोणास व किती वेळांत कळेल. वहीचें लिखाण मराठींत असावें, म्हणजे संगणकवाला मुलगा परगांवीं गेला तरी घरच्यांस तें वाचतां येईल. आणि खंडेनवमीस आपण हत्यारें काढून, पुसून पाहतों, त्याप्रमाणें वर्षांतून त्या एका दिवशीं तरी हीं कामें मुद्दाम थांबवून पाहावीं. पहारेकरी ओरडला तर त्यास फूल वाहावें. न ओरडला तर दसऱ्यापूर्वीं तो बदलावा.

नित्यकर्माविषयीं मीमांसकांचें मत असें कीं, तें केल्यानें विशेष पुण्य नाहीं, पण न केल्यास प्रत्यवाय आहे. ठरल्या वेळच्या यंत्राचेंही तसेंच आहे. तें चाललें म्हणून कोणी त्याचें कौतुक करणार नाहीं. न चाललें तर त्याचा दोष यंत्रास लागत नाहीं, तो घरास लागतो. वहींतल्या चौथ्या ओळींत म्हणून यंत्राचें नांव लिहूं नये. तेथें घरांतल्या एका माणसाचें नांव लिहावें, आणि तें त्यास वाचून दाखवावें.